न पाहिलेल्या जमिनीचा सातबारा: तेरा वसाहतींची अमेरिका महासागरापर्यंत कशी पोचली?

डेन्मार्कच्या राज्यातलं ग्रीनलँड बेट विकत घेण्याची भाषा अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१९ मध्ये केली आणि २०२५ मध्ये पुन्हा जोरात लावून धरली. तेव्हा अनेकांना एकच प्रश्न पडला: प्रदेश म्हणजे काय प्लॉट आहे का, पैसे मोजले की नावावर झाला? त्यातच २०२६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं अडीचशेवं वर्ष. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या तर त्या देशाच्या इतिहासाचा एक धागा हाती लागतो, जो आपल्याला शाळेत कुणी दाखवला नव्हता.

१७७६ मध्ये तेरा वसाहती अटलांटिक किनाऱ्याला चिकटून होत्या. १८४८ मध्ये, म्हणजे अवघ्या बहात्तर वर्षांत, त्यांची हद्द पॅसिफिकला भिडली होती. आपल्या पुस्तकांत समुद्रात फेकलेला चहा असतो, वॉशिंग्टन असतो, 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' ही घोषणा असते. जमीन मात्र गळून जाते. माझ्या मते खरी गोष्ट जमिनीचीच आहे. युद्धाची देणी, सैनिकांचा पगार, नवी राज्यं, हे सगळं अमेरिकेने एकाच भांडवलावर उभं केलं. ते भांडवल म्हणजे डोंगरापलीकडची जमीन, आणि ती द्यायचं वचन दिलं तेव्हा तिचा ताबा अमेरिकेकडे नव्हता.

डोंगरावर मारलेली रेघ

सह्याद्रीमुळे कोकण आणि देश वेगळे पडतात, तशी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर अ‍ॅपलाचियन डोंगररांग आहे. अलीकडे इंग्रजांच्या वसाहती, पलीकडे ओहायो नदीचं सुपीक खोरं आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शॉनी, मायामी, डेलावेअर अशा जमाती.

१७६३ मध्ये सात वर्षांचं युद्ध संपलं. ब्रिटनने फ्रान्सला हरवलं आणि कॅनडासह मिसिसिपी नदीच्या पूर्वेचा बहुतेक प्रदेश कागदोपत्री ब्रिटनचा झाला. त्याच वर्षी ओटावा जमातीच्या पॉन्टियॅकच्या पुढाकाराने मूळ रहिवाशांनी ब्रिटिश ठाण्यांवर हल्ले चढवले. युद्धाने ब्रिटनचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं. नवा खर्च परवडणारा नव्हता. म्हणून ७ ऑक्टोबर १७६३ रोजी राजा तिसरा जॉर्ज याने फर्मान काढलं: डोंगराच्या पाणलोट रेषेपलीकडे वसाहतवाल्यांनी वस्ती करायची नाही. शिवाय मूळ रहिवाशांकडून परस्पर जमीन घ्यायची नाही. घ्यायचीच असेल तर ती राजाच्या वतीने घेतली जाईल.

हा दुसरा नियम लक्षात ठेवा. पुढे लुइझियानाच्या, म्हणजे मिसिसिपीपलीकडच्या फ्रान्सच्या मुलखाच्या, खरेदीत तोच पुन्हा भेटणार आहे.

या रेघेने कोण दुखावलं? पलीकडे शेत करू पाहणारा गरीब शेतकरी दुखावलाच, पण त्याहून जास्त दुखावले जमिनीत पैसा गुंतवलेले मोठे लोक. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्यातलाच एक. तो तरुणपणी मोजणीदार होता, सतराव्या वर्षी व्हर्जिनियातल्या एका काउंटीचा अधिकृत मोजणीदार झाला होता. १७६७ मध्ये त्याने आपल्या ओळखीच्या विल्यम क्रॉफर्ड या मोजणीदाराला पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा: हे फर्मान म्हणजे मूळ रहिवाशांना शांत ठेवण्याची तात्पुरती सोय आहे, ते काही वर्षांत उठेल, तोवर चांगल्या जमिनी हेरून ठेव आणि बोलू नकोस.

मग चहाचं काय? भांडण तर कराचं होतं ना?

होतं. पण कर आणि जमीन ही एकाच नाण्याची दोन अंगं होती. पश्चिमेकडच्या नव्या मुलखाच्या बंदोबस्तासाठी ब्रिटनने अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचं ठरवलं. त्या सैन्याचा काही खर्च वसाहतींनी उचलावा म्हणून १७६५ मध्ये मुद्रांक कर आला. वसाहतींच्या दृष्टीने तो दुहेरी जाच होता: जमिनीवर जायला बंदी, आणि त्या बंदीच्या पहारेकऱ्यांचा खर्चही आपल्याच खिशातून.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात ३४२ पेट्या चहा पाण्यात गेला. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. आपल्याकडे राज्य करू लागलेली तीच कंपनी तेव्हा डबघाईला आली होती आणि तिचा साठा खपावा म्हणून ब्रिटिश संसदेने खास कायदा केला होता. पुढच्या वर्षी ब्रिटनने ओहायो नदीपर्यंतचा सगळा प्रदेश क्वेबेक प्रांताला जोडून टाकला. ज्यांनी तिथल्या जमिनीवर डोळा ठेवला होता, त्यांच्या आशेवर पाणी पडलं.

४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यातली राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी एकदा सलग वाचून पाहावी. राजाने नव्या जमिनी मिळवण्याच्या अटी कडक केल्या, अशी तक्रार त्यात आहे. आणि शेवटच्या तक्रारीत मूळ रहिवाशांना 'निर्दय रानटी' म्हटलं आहे. सगळी माणसं समान आहेत, हे वाक्य त्याच कागदावर वर आहे. त्या वाक्याने पुढे गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांना बळ दिलं, हे खरंच आहे. पण दोन्ही वाक्यं एकाच दस्तऐवजातली आहेत आणि दोन्ही वाचायला हवीत.

युद्धाचं थोडक्यात सांगतो. एप्रिल १७७५ मध्ये ठिणगी पडली, १७७७ मध्ये साराटोगाला अमेरिकनांनी एक अख्खी ब्रिटिश फौज शरण आणली, त्यामुळे १७७८ मध्ये फ्रान्स त्यांच्या बाजूने उतरला, आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रं ठेवली. त्या वर्षी इंग्रज इकडे मराठ्यांशीही लढत होते, सालबाईचा तह व्हायचा होता. पुढे हाच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या जोडीला होते.

१७८३ च्या पॅरिस तहात ब्रिटनने अमेरिकेची पश्चिम हद्द मिसिसिपी नदी मान्य केली. ज्या जमाती त्या मुलखात राहत होत्या, त्यांचा एकही माणूस त्या बैठकीत नव्हता. दोन पाटलांनी बसून तिसऱ्याच्या शेताचा बांध ठरवावा, तसं ते झालं.

तिजोरीत खडखडाट, पण जमीन आहे

युद्ध जिंकलेल्या सरकारकडे पैसे नव्हते. तेव्हाच्या घटनेप्रमाणे केंद्रीय सभेला, म्हणजे काँग्रेसला, कर लावायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे हात पसरायचा, देतील तेवढं घ्यायचं. युद्धात छापलेल्या नोटांची किंमत मातीमोल झाली होती.

म्हणून काँग्रेसने १७७६ मध्येच सैनिकांना जमिनीचं वचन दिलं होतं. शिपायाला १०० एकर, कर्नलला ५०० एकर. शंभर एकर म्हणजे आपले चार हजार गुंठे. ऐकायला भलतंच मोठं वाटतं. पण ती जमीन कुठे आहे, तिची मोजणी झाली का, तिथे आज कोण राहतं, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. हातात फक्त कागद होता. घरी परतलेल्या शिपायाला घर चालवायला रोख रक्कम हवी होती. अनेकांनी तो कागद दलालांना कवडीमोलाने विकला आणि पुढे जमिनीला भाव आला तेव्हा पैसा दलालांनी केला.

मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत पगार थकलेल्या अधिकाऱ्यांनी काँग्रेसविरुद्ध उठायची भाषा सुरू केली. वॉशिंग्टन त्यांच्या सभेत गेला, भाषण केलं, फारसा परिणाम झाला नाही. मग त्याने काँग्रेसच्या एका सदस्याचं पत्र वाचायला घेतलं, अडखळला आणि खिशातून चष्मा काढला. त्याला चष्मा लावताना त्यातल्या बहुतेकांनी पाहिलंच नव्हतं. देशसेवेत केस पिकले, आता डोळेही चाललेत, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला आणि काही अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तिथे हजर असलेल्यांनी नोंदवून ठेवलंय. बंड टळलं. थकबाकी तशीच राहिली. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्ज आणि करांनी पिचलेले शेतकरी डॅनियल शेज या माजी कॅप्टनच्या मागे बंदुका घेऊन उभे राहिले. केंद्राला स्वतःचं सैन्य आणि स्वतःचं उत्पन्न हवं, ही जाणीव त्या धक्क्याने पक्की झाली आणि १७८७ च्या संविधानाला त्यातून रेटा मिळाला.

त्याआधी राज्याराज्यांतलं भांडण मिटावं लागलं होतं. व्हर्जिनिया जुन्या सनदेच्या जोरावर पश्चिमेचा प्रचंड मुलूख आपला म्हणत असे. मेरीलँडकडे असा कुठलाच दावा नव्हता. पश्चिमेची जमीन सगळ्यांची सामाईक होत नाही तोवर आम्ही सही करणार नाही, असं म्हणून मेरीलँडने पहिली घटना १७८१ पर्यंत अडवून धरली. अखेर व्हर्जिनिया आणि इतर राज्यांनी आपापले दावे केंद्राकडे सोपवायला सुरुवात केली. कराचा अधिकार मिळायच्या आधी केंद्राकडे जमीन आली. आता ती विकायची कशी, हा प्रश्न उरला.

साखळी, गुंठा आणि सहा मैलांचा चौकोन

हा भाग मला सगळ्यात जास्त विलक्षण वाटतो.

जुन्या वसाहतींत जमिनीची हद्द सांगताना 'मोठ्या ओकच्या झाडापासून ओढ्यापर्यंत' अशी वर्णनं असत. झाड पडलं की कोर्टकचेरी. २० मे १७८५ च्या जमीन कायद्याने हे बदललं. आधी मोजणी, मग विक्री. सगळी जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत विभागायची. प्रत्येक चौकोनाचे छत्तीस तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. सोळाव्या क्रमांकाचा तुकडा गावातल्या शाळांसाठी राखून ठेवायचा. किमान दर एकरी एक डॉलर.

मोजणी कशाने? गंटरच्या साखळीने. सतराव्या शतकातल्या एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने बनवलेली ही साखळी ६६ फूट लांब, शंभर कड्यांची. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल. आता आपला गुंठा आठवा: ३३ फूट बाय ३३ फूट. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात मोजणी केली तेव्हा ३३ फुटी साखळी वापरली, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर अर्धी. म्हणूनच चाळीस गुंठ्यांचा एकर बिनचूक बसतो. ओहायोतलं शेत आणि आपलं शेत एकाच मापाच्या घरातलं आहे.

ओहायो नदीकाठी, पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर १७८५ च्या शरद ऋतूत थॉमस हचिन्स या अधिकाऱ्याने पहिली साखळी टाकली. त्या हंगामात काम जेमतेम काही मैल सरकलं, कारण जमातींच्या हल्ल्याच्या भीतीने मोजणीची माणसं मागे फिरली. पण पद्धत टिकली. आज विमानातून इंडियाना, इलिनॉय, आयोवावरून जाताना खाली दिसणारा चौकटी-चौकटींचा प्रदेश त्याच कायद्याची खूण आहे. नदी वळली, टेकडी आली तरी रेघ सरळ गेली आहे. एकदा असा चौकोन आखला की हजार मैलांवरचा माणूस न पाहता तो विकत घेऊ शकतो. सातबाऱ्यावर गट नंबर असावा, तसं प्रत्येक तुकड्याला नाव-गाव मिळालं.

नवीन राज्य, पण दुय्यम नाही

मोजणी झाली, माणसं आली, पुढे त्यांच्यावर राज्य कोणी करायचं? इथे अमेरिकेने एक फार दूरदृष्टीचा निर्णय घेतला. १३ जुलै १७८७ च्या वायव्य प्रदेश कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेच्या मुलखाला 'टेरिटरी' केलं. टेरिटरी म्हणजे केंद्राच्या थेट कारभाराखालचा, अजून राज्य न झालेला प्रदेश. सुरुवातीला केंद्राने नेमलेला गव्हर्नर. पाच हजार स्वतंत्र प्रौढ पुरुष झाले की स्वतःचं विधिमंडळ. साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की पूर्ण राज्य, आणि तेही मूळ तेरा राज्यांच्या बरोबरीने.

सोसायटीत पंधरा वर्षांनी फ्लॅट घेणाऱ्यालाही सर्वसाधारण सभेत पहिल्या सभासदाइतकंच मत असतं, तसंच हे. ब्रिटनने वसाहतींना कायम दुय्यम ठेवलं आणि गमावलं. अमेरिकेने स्वतःच्या वसाहतींना बरोबरी देऊ केली. ओहायो १८०३ मध्ये, इंडियाना १८१६ मध्ये, इलिनॉय १८१८ मध्ये राज्य झालं. त्या कायद्यात गुलामगिरीला बंदीही होती, जरी पळून आलेल्या गुलामाला परत धरून नेण्याची मुभा त्याच कलमात ठेवली होती.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे: मूळ रहिवाशांशी सदैव प्रामाणिकपणे वागलं जाईल आणि त्यांच्या संमतीशिवाय त्यांची जमीन घेतली जाणार नाही.

जमीन विकून कर्ज फेडायचं होतं आणि ती संमतीशिवाय घ्यायची नव्हती. ही दोन्ही वचनं एकत्र पाळणं जवळजवळ अशक्य होतं.

संमती नसेल तर?

ओहायो खोऱ्यातल्या जमातींनी एकत्र येऊन सांगितलं की ओहायो नदी हीच हद्द. सरकारने सैन्य पाठवलं. ४ नोव्हेंबर १७९१ च्या पहाटे, वाबॅश नदीच्या काठी, वायव्य प्रदेशाचा गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर याच्या छावणीवर मायामींचा लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांच्या योद्ध्यांनी हल्ला केला. छावणीला धड संरक्षक अडसर नव्हता, अपुरं प्रशिक्षण मिळालेले शिपाई थंडीने गारठलेले होते. काही तासांत सहाशेच्या वर सैनिक मेले. मूळ रहिवाशांकडून अमेरिकी सैन्याचा इतका मोठा पराभव ना आधी झाला, ना नंतर. काँग्रेसने पहिल्यांदाच सरकारी कारभाराची चौकशी केली, ती याच पराभवाची.

खड्या सैन्याची भीती बाळगणाऱ्या या देशाने मग खडं सैन्य उभारलं. सेनापती अँथनी वेनने शिस्तीने तयारी करून २० ऑगस्ट १७९४ रोजी फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली. मागे हटणारे योद्धे जवळच्या ब्रिटिश किल्ल्याच्या दाराशी गेले, तर ज्यांनी मदतीची आशा दाखवली होती त्या ब्रिटिशांनी दार उघडलं नाही. पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायोचा बहुतांश भाग गेला.

फ्रान्सने नक्की काय विकलं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १८०३ ची लुइझियाना खरेदी म्हणजे दीड कोटी डॉलरमध्ये ८,२८,००० चौरस मैल, एकरी साधारण तीन सेंट. क्षेत्रफळाने सात महाराष्ट्र बसतील एवढं. देशाचा नकाशा एका सहीने जवळपास दुप्पट झाला.

अमेरिकेला एवढं नकोच होतं. मिसिसिपीच्या मुखाजवळचं न्यू ऑर्लिन्स बंदर मिळावं, एवढीच अध्यक्ष जेफरसनची अपेक्षा होती, कारण पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांचा माल तिथूनच जायचा. नेपोलियनने सगळंच विकायला काढलं, त्यामागे हैती आहे. त्या फ्रेंच वसाहतीतले गुलाम १७९१ पासून लढत होते. त्यांना चिरडायला पाठवलेलं सैन्य लढाईत आणि पिवळ्या तापाने संपलं, सेनापती लेक्लेर्कही गेला. साखरेचं बेट हातचं गेल्यावर नेपोलियनला अमेरिकेतल्या मुलखात रस उरला नाही आणि ब्रिटनशी युद्धासाठी पैसा हवा होता. अमेरिकेचा नकाशा दुप्पट होण्यात हैतीच्या गुलामांच्या रक्ताचा वाटा आहे. त्याच हैतीला अमेरिकेने १८६२ पर्यंत मान्यता दिली नाही, याची मला आजही खंत वाटते.

पण फ्रान्सचा तिथे ताबा तरी किती होता? न्यू ऑर्लिन्स आणि नदीकाठची थोडी ठाणी. बाकी मैदानांवर ओसेज, पॉनी, लकोटा राहत होते. मग दीड कोटी कशाचे?

कांद्याच्या बाजारातलं उदाहरण घेऊ. समजा दोन व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवलं: या गावातला कांदा फक्त मी उचलणार, तू मधे यायचं नाहीस. काही वर्षांनी पहिल्याने आपला हा हक्क दुसऱ्याला पैसे घेऊन विकला. शेतकऱ्याला कोणी विचारलं नाही, त्याला छदामही मिळाला नाही, कांदा अजून त्याच्याच चाळीत आहे. पण आता त्याला दुसरं गिऱ्हाईक उरलं नाही. फ्रान्सने विकला तो हा हक्क: मूळ रहिवाशांकडून जमीन घेण्याचा, किंवा हिसकावण्याचा, एकमेव हक्क. १७६३ च्या फर्मानातला 'फक्त राजाच खरेदी करेल' हा नियम इथे परत येतो. १८२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या निकालात, त्यावर कायद्याचं शिक्कामोर्तब केलं: मूळ रहिवाशांना वहिवाटीचा हक्क आहे, पण जमीन विकायची तर फक्त सरकारला. तो दावा दोन गोऱ्या पक्षांमधला होता.

'पण तहांवर त्यांनीच सह्या केल्या ना?'

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेकडो तह झाले, मोबदले दिले गेले, काही प्रमुखांनी विचार करूनच सह्या केल्या. सीमेवर दोन्ही बाजूंनी कत्तली झाल्या, हेही खरं. पण सही कशी मिळाली, ते पाहायला हवं.

२७ फेब्रुवारी १८०३ रोजी जेफरसनने इंडियानाचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याला खासगी पत्र लिहिलं. सरकारी व्यापारी ठाण्यांवर मूळ रहिवाशांतली वजनदार माणसं कर्जबाजारी झाली तर आम्हाला आनंदच होईल, कारण कर्ज डोईजड झालं की ते जमीन देऊन ते फेडतात, असा त्या पत्राचा आशय आहे. सावकारी पाशात जमीन कशी जाते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न, सही कोणाची? १८०९ मध्ये हॅरिसनने फोर्ट वेनच्या तहात सुमारे तीस लाख एकर जमीन मिळवली. शॉनींचा नेता टेकमसे याने पुढच्या वर्षी व्हिन्सेन्सला येऊन त्याच्या तोंडावर सांगितलं की ही जमीन सर्व जमातींची सामाईक आहे, एका जमातीला ती विकता येत नाही. सामाईक खात्यातली जमीन एकट्या भावाने विकली तर बाकीचे हिस्सेदार गप्प बसतील का? टेकमसे बसला नाही. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या १८१२ च्या युद्धात तो ब्रिटिशांच्या बाजूने लढला आणि ५ ऑक्टोबर १८१३ रोजी थेम्सच्या लढाईत पडला.

दक्षिणेत मार्च १८१४ मध्ये अमेरिकी सेनापती अँड्र्यू जॅक्सनने हॉर्सशू बेंडला क्रीक जमातीच्या योद्ध्यांचा पराभव केला. त्याच्या बाजूने चेरोकी जमातीचे लोक आणि काही क्रीकही लढले होते. तहाच्या वेळी त्याने क्रीकांकडून सुमारे दोन कोटी तीस लाख एकर जमीन घेतली, त्यात त्याच्याच बाजूने लढलेल्या क्रीकांचीही होती.

'ते आधुनिक झाले असते तर टिकले असते'

चेरोकी झाले होते. सेक्वोया नावाच्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी लिपी घडवली. प्रत्येक अक्षरगटाला एक चिन्ह, आपल्या बाराखडीतल्या अक्षरांसारखं. काही वर्षांत हजारो लोक लिहू-वाचू लागले. १८२७ मध्ये त्यांनी लिखित संविधान केलं. १८२८ मध्ये न्यू इकोटा या राजधानीत चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत वर्तमानपत्र सुरू झालं, त्याचे खिळे खास बॉस्टनमध्ये पाडून घेतले होते. एका माणसाच्या ध्यासातून अख्खा समाज साक्षर होतो आणि स्वतःच्या अक्षरांत स्वतःची बातमी छापतो, यापेक्षा आधुनिक काय असतं?

मग जॉर्जियात त्यांच्या भागात सोनं सापडलं. मे १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. प्रतिनिधीगृहात मतं होती १०२ विरुद्ध ९७, म्हणजे त्या काळातल्या जवळपास निम्म्या प्रतिनिधींनाही ते पटलं नव्हतं. 'तेव्हा सगळेच तसा विचार करायचे' हे म्हणणं या आकड्यापुढे टिकत नाही. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चेरोकींच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. निकालाचा उपयोग झाला नाही. डिसेंबर १८३५ मध्ये एका छोट्या गटाने तहावर सही केली. प्रमुख जॉन रॉस यांनी पंधरा हजारांहून अधिक नावांचा विरोध-अर्ज पाठवला. सिनेटने आवश्यक दोन तृतीयांशापेक्षा केवळ एक मत जास्त मिळवून तह मंजूर केला. १८३८ मध्ये सैनिकांनी माणसं घरातून काढून तटबंद छावण्यांत कोंडली आणि हिवाळ्यात सुमारे सोळा हजार चेरोकींची पश्चिमेकडे पायपीट झाली. अंदाजे चार हजार वाटेत आणि छावण्यांत मेले.

कापूस, आणि पुढे पॅसिफिक

दक्षिणेच्या या रिकाम्या केलेल्या जमिनींवर गुलामांच्या कष्टाने कापूस उभा राहिला. १८४५ मध्ये टेक्सास आलं, १८४६ मध्ये ब्रिटनशी असलेला ओरेगॉनचा वाद मिटला, १८४८ मध्ये हरलेल्या मेक्सिकोला दीड कोटी डॉलर देऊन कॅलिफोर्नियासह मोठा प्रदेश घेतला. प्रत्येक नव्या तुकड्याबरोबर एकच भांडण उफाळलं: इथे गुलामगिरी चालणार की नाही? बरोबरीचा हक्क असलेलं प्रत्येक नवं राज्य सिनेटमध्ये दोन मतं घेऊन येत होतं, म्हणून हे भांडण टाळता येईना. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईतल्या पेढ्या धडाधड बुडाल्या.

हे सगळं जुनं झालं, आज त्याचं काय?

न्यायालयात ते जुनं झालेलं नाही. ९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की क्रीकांना पश्चिमेत हलवताना एकोणिसाव्या शतकातल्या तहांनी जो राखीव प्रदेश दिला होता, तो काँग्रेसने कधीही रद्द केलेला नाही. म्हणून पूर्व ओक्लाहोमातला तो मोठा प्रदेश, टल्सा शहराच्या बहुतांश भागासह, गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांपुरता आजही क्रीकांचा राखीव प्रदेश आहे. घरांची मालकी बदलली नाही, पण जुना कागद जिवंत ठरला.

आणि ग्रीनलँड? डेन्मार्कने अमेरिकेला याआधी एकदा प्रदेश विकला आहे. १९१७ मध्ये कॅरिबियनमधली तीन बेटं अडीच कोटी डॉलरला गेली. डेन्मार्कमधल्या मतदारांनी कौल दिला, बेटांवरच्या लोकांना अधिकृत मत नव्हतं. त्याच व्यवहारात अमेरिकेने लिहून दिलं होतं की डेन्मार्कने आपला कारभार संपूर्ण ग्रीनलँडभर पसरवला तर आमची हरकत नाही. २००९ च्या स्वशासन कायद्यात डेन्मार्कने ग्रीनलँडच्या लोकांना स्वतःचं भवितव्य ठरवण्याचा हक्क असलेला समाज म्हणून मान्य केलं. त्यामुळे आज डेन्मार्कने मनात आणलं तरी त्याला एकट्याला ते बेट विकता येणार नाही. ग्रीनलँडमध्ये राहणाऱ्या सुमारे ५६ हजार माणसांना आधी विचारावं लागेल.